शिळ्या ब्रेडचं पुडिंग: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ब्रेडचं पाकीट संपत आलं की तळाशी चार-सहा स्लाइस हमखास राहतात. हाताला खरखरीत लागतात, सँडविच करायला घेतल्या तर कडा तुटतात, आणि टाकून द्यायला जीव होत नाही. पुडिंगला नेमका असाच ब्रेड लागतो. ताज्या, लुसलुशीत ब्रेडचं पुडिंग मी करून पाहिलंय. दुधात पडल्या पडल्या त्याचा लगदा होतो आणि शिजल्यावर तो टाळूला चिकटतो. कोरडा ब्रेड मात्र दूध सावकाश आत ओढून घेतो आणि तरी आपला आकार सोडत नाही. पुडिंगचा घास तोंडात विरघळतो, तरी त्यात ब्रेडचा पोत जाणवतो, तो या कोरडेपणामुळेच.

या पदार्थात कौशल्याचं म्हणावं असं फार थोडं आहे. ब्रेड पुरेसा भिजू द्यायचा आणि आच मंद ठेवायची, एवढं सांभाळलंत की पहिल्याच खेपेला जमेल. दोन्ही गोष्टींना वेळ लागतो आणि नवशिक्याचा हात नेमका तिथेच घाई करतो, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी ब्रेड तपासा

शिळा ब्रेड आणि खराब झालेला ब्रेड यांत फरक आहे. शिळा ब्रेड कोरडा आणि कडक असतो, पण त्याला वास ब्रेडचाच येतो. हिरवा, काळा किंवा पांढुरका केसाळ ठिपका दिसला, किंवा कुबट-आंबट वास आला, तर तो ब्रेड टाकून द्या. ठिपक्यापुरता तुकडा काढून बाकीचा वापरू नका. बुरशीचे तंतू मऊ ब्रेडमध्ये खोलवर पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्याच पाकिटातल्या बाकीच्या स्लाइस वरून स्वच्छ दिसत असल्या तरी त्या वापरू नयेत. काटकसर इथे करायची नाही.

ब्रेड शिळा होतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. १८५२ साली बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की हवाबंद ठेवलेला, म्हणजे ओलावा अजिबात न गमावलेला ब्रेडही कडक होतो, आणि गरम केला की पुन्हा मऊ पडतो. भाजताना ब्रेडमधला स्टार्च पाणी पिऊन फुगलेला असतो. थंड झाल्यावर त्याचे रेणू हळूहळू पुन्हा शिस्तीत रचले जातात आणि ब्रेड ताठ होतो. फ्रिजच्या थंडाव्यात ही रचना सगळ्यात लवकर होते, म्हणून फ्रिजमधला ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर कडक लागतो. फ्रीझरमध्ये मात्र ती जवळजवळ थांबते.

याचा उपयोग असा. घरात एका वेळी पुडिंगपुरता ब्रेड उरत नसेल तर फ्रीझरमध्ये एक पिशवी ठेवा आणि उरलेली प्रत्येक स्लाइस, दोन्ही टोकांचे जाड तुकडे, कापलेल्या कडा तिच्यात टाकत जा. पिशवी भरली की पुडिंगचा दिवस. आणि ब्रेड ताजाच असेल पण पुडिंग आजच हवं असेल, तर स्लाइस ताटात सुट्या पसरून तीन-चार तास उघड्यावर ठेवा, नाहीतर तव्यावर अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी कोरड्या करून घ्या. रंग येऊ द्यायचा नाही, नुसता ओलावा घालवायचा.

साधा पांढरा ब्रेड सगळ्यात सोपा. गव्हाचा ब्रेड चालतो. तो दूध थोडं जास्त पितो आणि चवीला जड लागतो. गोड बन असेल तर साखर कमी करा. लसूण, ओवा किंवा मसाल्याचा ब्रेड घेऊ नका, तो वास कशानेही झाकला जात नाही.

साहित्य

चार-पाच जणांना पुरेल असं हे प्रमाण आहे:

– शिळ्या ब्रेडच्या ६ स्लाइस (साधारण १५० ते १७० ग्रॅम)
– दूध ५०० मिली
– अंडी २
– साखर ६ सपाट मोठे चमचे (सुमारे ७५ ग्रॅम)
– चिमूटभर मीठ
– वासासाठी अर्धा लहान चमचा व्हॅनिला इसेन्स, किंवा थोडं किसलेलं जायफळ, किंवा दोन-तीन वेलदोड्यांची पूड, यांतलं एकच
– डब्याच्या तळाला कॅरमल करण्यासाठी आणखी ४ मोठे चमचे साखर आणि १ चमचा पाणी

दूध सायीचं असेल तर पुडिंग मऊ आणि भरीव होतं, पण त्यासाठी वेगळं दूध आणू नका. घरात जे असेल ते चालतं. दुधाची पावडर पाण्यात कालवूनही छान होतं. दूध शिळं असेल तर आधी थोडं वेगळं तापवून पाहा. ते फाटणार असेल तर अंडी फुकट जाण्याआधीच कळलेलं बरं.

मीठ वगळू नका. गोडात मीठ कशाला, असं वाटतं खरं, पण चिमूटभर मिठाने साखरेची चव उघडते आणि अंड्याचा उग्रपणा दबतो.

भांडं म्हणून सव्वा लिटरचा, सरळ बाजूंचा स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा डबा घ्या. तो ज्यात बसेल असं झाकणाचं मोठं पातेलं किंवा कुकर हवा, आणि तळाशी ठेवायला जाळी किंवा स्टीलची रिंग. ओव्हन नसला तरी काही अडत नाही.

कॅरमल

ही पायरी वगळली तरी पुडिंग होतंच. पण चार चमचे साखरेत इतका रंग आणि चव दुसऱ्या कशानेही येत नाही, म्हणून मी ती कधी सोडत नाही.

छोट्या जाड बुडाच्या पातेल्यात चार चमचे साखर आणि एक चमचा पाणी घालून मध्यम आचेवर ठेवा. चमच्याने ढवळू नका. ढवळलं की कडेला साखरेचे खडे धरतात. पातेलंच हळूहळू गोल फिरवा. आधी पाक पांढरट उकळेल, मग बुडबुडे मोठे आणि सुस्त होतील, मग एका बाजूने पिवळसर झाक येईल. इथून पुढे नजर हलवायची नाही. साखर साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअसला रंग धरू लागते आणि एकदा धरला की मधाच्या रंगावरून काळ्यावर जायला अर्धं मिनिटही लागत नाही. तांबूस, पातळ काढ्यासारखा रंग आला की गॅस बंद करा आणि लगेच डब्यात ओता. डबा फडक्याने धरून तिरका करत तळभर फिरवा. रंग अगदी फिका राहिला तर नुसता गोडपणा येतो. काळा झाला तर कडू होतो आणि तो कडवटपणा वरच्या पुडिंगमध्येही चढतो. करपलं असं वाटलं तर टाकून पुन्हा करा, चार चमचे साखरेसाठी सगळं पुडिंग पणाला लावू नका.

गरम साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त भाजते आणि कातडीला चिकटून राहते. मुलं जवळपास असतील तर हे काम त्यांना बाजूला बसवून करा, आणि चव बघायला बोट लावू नका. डब्यात कॅरमल थंड होताना काचेसारखं कडक होईल, तडतडल्याचा आवाजही येईल. घाबरू नका. पुडिंगच्या ओलाव्याने ते पुन्हा विरघळून पातळ होतं. कॅरमलचं पातेलं घासत बसण्यापेक्षा त्यात पाणी घालून उकळा, सगळं आपोआप सुटून येतं.

दूध आणि अंडी

दुधात सहा चमचे साखर आणि मीठ घालून साखर विरघळेपर्यंत तापवा. उकळी आणायची नाही. बोट बुडवलं तर सोसवेल पण ठेववणार नाही, इतकंच गरम.

दुसऱ्या भांड्यात अंडी फोडून काट्याने किंवा चमच्याने हलकेच मोडून घ्या. ऑम्लेटसाठी फेसतो तसं फेसू नका. फेसातली हवा वाफेवर फुगते आणि पुडिंगला जाळी पडते. पिवळं-पांढरं एकजीव झालं की पुरे. आता गरम दूध बारीक धारेने अंड्यात घाला आणि एका हाताने ढवळत राहा. आधी एक डावभर, मग उरलेलं. उलट, कढत दुधात एकदम अंडी ओतली तर अंड्याच्या चिंध्या होतात आणि त्या परत एकजीव होत नाहीत.

मिश्रण गाळणीतून गाळा. अंड्यात पिवळ्या बलकाला धरून ठेवणारा पांढरा दोरा असतो, तो कितीही ढवळला तरी तसाच राहतो आणि खाताना नेमका दाताखाली येतो. गाळणीत तो अडकलेला दिसेल. मग व्हॅनिला किंवा जायफळ, जे ठरवलं असेल ते घाला.

भिजवणं

ब्रेडचे हाताने इंचभराचे तुकडे करा. कडा काढायच्या नाहीत, त्याही ब्रेडच आहेत. फक्त कडा फार जाड आणि कडक असतील तर त्यांचे तुकडे जरा बारीक करून आधी दुधात टाका, म्हणजे त्यांना भिजायला जास्त वेळ मिळेल. काहीजण ब्रेड दुधाबरोबर मिक्सरमधून फिरवतात. तसं केलं तर सुरीने रेखीव कापता येणारं, गुळगुळीत पुडिंग होतं. मला हाताने मोडलेले तुकडेच आवडतात. वरच्या थरात कुठे मऊ, कुठे किंचित चिवट असं लागतं आणि खाताना आपण ब्रेडचं काही खातोय हे कळतं.

तुकडे दुधात घालून चमच्याच्या पाठीने खाली दाबा. ते लगेच वर तरंगतील. पाच मिनिटांनी पुन्हा दाबा. अशा दोन-तीन खेपा करा आणि एकूण वीस ते तीस मिनिटं थांबा. एक तुकडा काढून मधोमध मोडून बघा. आत पांढरी कोरडी रेघ दिसली तर अजून वेळ हवा. पूर्ण भिजलेला तुकडा हातात जड लागतो, बोटांनी दाबला की स्पंजसारखं दूध सुटतं, आणि सोडला की थोडा परत फुगतो. एवढी खूण पटली की पुढे जा.

कोरडी रेघ तशीच सोडली तर काय होतं? शिजताना तो कोरडा भाग आजूबाजूचं दूध ओढून घेतो, भोवतालचं अंडं घट्ट आणि रवाळ होतं, आणि पुडिंगमध्ये मधे मधे कोरड्या गाठी लागतात. वाफवण्याच्या वेळेत ही कसर भरून निघत नाही.

भिजलेलं मिश्रण कॅरमलच्या डब्यात ओता. वर दोन बोटं जागा मोकळी राहू द्या. डबा ओट्यावर एकदोनदा हलकेच आपटा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. डब्याला फॉइल किंवा घट्ट झाकण लावा. हे झाकण महत्त्वाचं आहे. पातेल्याच्या झाकणाला जमलेल्या वाफेचं पाणी टपटप पुडिंगवर पडलं तर वरचा थर चिखलासारखा होतो.

वाफवणं

मोठ्या पातेल्यात जाळी ठेवून दोन-तीन बोटं पाणी घाला, पाणी गरम झालं की डबा ठेवा आणि पातेल्यावर झाकण घाला. कुकर वापरत असाल तर शिट्टी काढून ठेवा. दाबाखाली पुडिंग शिजवायचं नाही.

आता आचेबद्दल. अंड्याचं पांढरं साधारण ६२ अंशाला आणि पिवळं त्याच्या जरा वर घट्ट होऊ लागतं. दूध आणि साखर मिसळल्यावर हा आकडा वाढतो आणि मिश्रण ८० अंशांच्या आसपास धरतं. त्याच्यावर थोडंच गेलं की अंड्याची जाळी आवळली जाते, तिच्यातलं पाणी पिळून बाहेर येतं आणि पुडिंगला भोकं पडतात. म्हणजे छान धरणं आणि बिघडणं यांच्यात अंतर अगदी थोडं आहे. खळखळून उकळणाऱ्या पाण्यावर ते अंतर कधी ओलांडलं जातं ते कळतही नाही. मंद आचेवर, पाण्यावर नुसते बारीक बुडबुडे हलत असतील अशा बेताने ठेवलं, तर थांबायला वेळ मिळतो. माझं पहिलं पुडिंग मी मोठ्या आचेवर पंधरा मिनिटांत उरकलं होतं. कापल्यावर ते मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसलं आणि ताटलीत पाणी साचलं. चव वाईट नव्हती, पण घास रबरासारखा लागत होता.

मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटं लागतात. मधे पाणी आटतंय का बघा, आटलं तर गरम पाणीच घाला. तिसाव्या मिनिटाला झाकण काढून डबा सांडशीने हलकेच हलवा. सगळं मिश्रण लाटेसारखं हललं तर कच्चं आहे. कडा स्थिर आणि मधला वाटीभर भाग नुसता थरथरला तर झालं. मग मध्याच्या जरा बाजूला सुरीचं टोक घाला. टोक ओलसर पण स्वच्छ निघालं पाहिजे. दुधाचा ओघळ आला तर आणखी पाच मिनिटं ठेवा. मध्यभाग अगदी टणक होईपर्यंत वाट बघू नका, डबा बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने तो शिजत राहतो.

ओव्हन असेल तर १६० अंशांवर, डबा गरम पाणी घातलेल्या खोल ट्रेमध्ये ठेवून पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं. पाणी डब्याच्या निम्म्या उंचीपर्यंत यायला हवं. ट्रेमधलं पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, म्हणून कडा करपत नाहीत. ओव्हनमध्ये वर फॉइल नाही लावलं तर ब्रेडची टोकं सोनेरी, कुरकुरीत होतात. असं करायचं असेल तर कॅरमल वगळून पुडिंग डब्यातूनच वाढा, म्हणजे ती टोकं वरच राहतील.

काढणं आणि ठेवणं

गरम पुडिंग उलटं करू नका, मोडेल. तास-दीड तास बाहेर निवू द्या आणि मग झाकून फ्रिजमध्ये किमान चार तास ठेवा. रात्री करून सकाळी काढलं तर सगळ्यात छान, तोवर तळाचं कॅरमल पूर्ण विरघळलेलं असतं. अंड्या-दुधाचा पदार्थ आहे, दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगलं राहतं.

काढताना पातळ सुरी कडेने एकदाच गोल फिरवा. डब्यावर खोलगट ताटली पालथी ठेवा. सपाट घेतलीत तर कॅरमल ओट्यावर सांडेल. दोन्ही घट्ट धरून एका झटक्यात उलटवा. ‘पक्’ असा आवाज आला की सुटलं. नाही सुटलं तर डब्याचं बूड अर्धं मिनिट गरम पाण्यात धरा आणि पुन्हा करा. सुरीने उचकटू नका.

अंडं चालत नसेल तर

अंड्याचं काम इथे घट्टपणा आणण्याचं आहे, ते कॉर्नफ्लोअर करतं, फक्त पद्धत बदलते. अर्धी वाटी गार दुधात दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर गाठी न ठेवता कालवा. उरलेलं दूध साखर-मिठासह उकळा, त्यात हे ढवळत ढवळत ओता आणि उकळी आल्यावर आणखी दोन मिनिटं शिजवा. अंड्याच्या बरोबर उलट, याला उकळी लागतेच, नाहीतर कच्च्या पिठाची चव राहते. ब्रेडचे तुकडे दोन-तीन चमचे कोमट दुधाने आधी ओलसर करून घ्या, त्यावर हे गरम मिश्रण ओतून हलकेच कालवा आणि कॅरमलच्या डब्यात भरून, निवल्यावर फ्रिजमध्ये सहा तास ठेवा. वाफवायची गरज नाही. हे चमच्याने खायचं, मऊ पुडिंग होतं. अंड्याच्या पुडिंगसारखी रेखीव वडी कापता येत नाही. चव मात्र स्वतःची आणि छान असते.

काही बिघडलं तर

भोकं पडली किंवा पाणी सुटलं तर आच मोठी होती किंवा वेळ जास्त झाला. अंड्याचा वास येतो, त्याचंही कारण बहुतेक वेळा हेच असतं. अंड्याचं पांढरं जास्त शिजलं की त्यातून गंधकाचा वास सुटतो, आणि मग माणसं व्हॅनिला वाढवत बसतात. आधी आच कमी करून बघा. तळ घट्ट आणि वर पाणचट झालं तर ब्रेड भिजायच्या आत तुम्ही डबा ठेवलात. पुडिंग काढताना दोन तुकडे झाले तर ताटलीतच जुळवून वर कॅरमल पसरा, चवीत काही फरक पडत नाही. आणि पुडिंग अगदीच कच्चं राहिलंय हे निवल्यावर लक्षात आलं, तरी डब्यातच असेल आणि दोन तास झाले नसतील तर पुन्हा मंद वाफेवर पंधरा मिनिटं ठेवता येतं.

दुसऱ्या दिवशी एखादी वडी उरली तर तवा तापवून त्यावर थोडं लोणी सोडा आणि वडी दोन्ही बाजूंनी परता. कॅरमलची बाजू शेवटी खाली करा, मिनिटभरच, कारण ती लगेच तव्याला धरते. बाहेरून कुरकुरीत, आतून ऊन आणि मऊ असा तो तुकडा तव्यावरून थेट ताटलीत घ्या.